हरेश मास्तरांचं झाड

शेलार गावात हरेश मढवीला सगळे मास्तर म्हणतात, पण शाळेशी त्याचा काही संबंध नाही. तो भिवंडीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. संख्याशास्त्र म्हणजे नेमकं काय, हे गावाला समजावून सांगायचा नाद त्याने फार पूर्वीच सोडला होता. कोणी विचारलंच तर 'गणितच समजा' म्हणायचा आणि धामणकर नाक्याची रिक्षा पकडायचा.

माणूस तसा निरुपद्रवी. खोड एकच. दोन वस्तू एकत्र दिसल्या की त्या वेगळ्या कशा, आणि वेगळ्या दिसल्या की सारख्या कशा, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. लहानपणी आई सुक्या मासळीची टोपली उन्हात ठेवून त्याला राखणीला बसवायची. हा पठ्ठ्या मांजर हाकलायचं सोडून बोंबील लांबीप्रमाणे लावत बसायचा. मांजर आपलं काम उरकून जायचं. आई परत यायची तेव्हा टोपलीत मासळी कमी आणि शिस्त जास्त असायची.

लग्न झाल्यावर त्याने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. डबे आकाराने लावावेत, रंगाने लावावेत की आतल्या मालाच्या वापराने, यावर त्याने नव्या नवरीशी गंभीर चर्चा सुरू केली. विनिताने शांतपणे त्याच्या हातातली हळदीची बरणी काढून घेतली, त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि तिथेच चहा दिला. त्यानंतर तो स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा विचारून जाऊ लागला.

अशा माणसाने पीएच.डी. कशात करावी? समूह विश्लेषणात. म्हणजे ढिगातून आपोआप गट कसे पडतात, ते शोधण्यात. धाकट्या बहिणीला, हेमालीला, त्याने ते एकदा सांगितलं होतं. खण आधीच तयार असले आणि आलेली वस्तू कुठल्या खणात टाकायची एवढंच ठरवायचं असलं, तर ते वर्गीकरण. पण खणच नसतात, किती आहेत तेही ठाऊक नसतं, नुसता ढीग समोर असतो, तेव्हा कोण कोणाजवळ आहे हे मोजत मोजत गट पाडायचे, ते समूह विश्लेषण. हेमाली म्हणाली की मग आपल्या गावाला पहिलंच येतं. आपला आणि परका, असे दोन खण प्रत्येकाच्या घरात तयारच आहेत. हरेशला हे इतकं पटलं की त्याने शेलार गावच अभ्यासाला घेतलं.

आता त्याच्या घरचे खण सांगायला हवेत. वडील बाळाराम. त्यांचा चुलतभाऊ नामा, वयाने थोडा धाकटा. दोघे एकाच अंगणात वाढले, कापड विणायच्या एकाच लूमवर आळीपाळीने शिफ्ट केली, आणि शेतांवर गोदामं उभी राहिली तेव्हा एकाच दिवशी दोघांनी कामाला रामराम ठोकला. बाळाराम ओट्यावर बसून भाडं खाऊ लागले. नामाला बसवेना, म्हणून त्याने हौसेने रिक्षा घेतली आणि शेलार ते धामणकर नाका मारू लागला. सगळं छान चाललं होतं. मग नामाच्या मुलाची, भाविकची, हळद आली.

आगरी माणसाची हळद म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. सगळा गाव जेवायला. त्या हळदीत बाळारामांच्या ताटात रस्सा आला, मटण आलं नाही. नामाचं म्हणणं, दादा तिसऱ्या पंगतीला येऊन बसला, तोवर टोपात चमचाच वाजत होता. बाळारामांचं म्हणणं, सख्ख्यासारख्या भावासाठी टोपात हात घालून चार तुकडे बाजूला काढून ठेवता येत नाहीत का? मुद्दा दोघांचाही बिनतोड होता. म्हणून दोघांनी बोलणं टाकलं. पुढे भाविकला मूल झालं, ते मूल चालायला लागलं, तरी हे समोरासमोर आले की एक आभाळाकडे बघायचा आणि दुसरा चपलेकडे.

यात अडकली ती हेमाली. बाळाराम पहिल्या शिफ्टला असायचे त्या वर्षांत तिला शाळेत सोडायचं काम नामाकाकाचं होतं. पुढे कॉलेजला जाताना रिक्षात त्याच्या शेजारची जागा तिची. भांडणानंतरही तो तिच्यासाठी रिक्षा थांबवायचा, आत एखादी बाई दाटीत बसलेली असली तर तिला सरकायला सांगायचा, पण बोलायचा नाही. बोललं तर दादाला कमीपणा येईल, असा काहीतरी त्याचा हिशेब होता. आता हेमालीचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांच्या भावकीत मांडवाची पहिली मेढ नवरीचा बाप आणि काका दोघांनी मिळून रोवायची रीत. बापाने सांगितलं, काका नाही, मी एकटा रोवीन. हेमालीने आदळआपट केली नाही. तिने हरेशला एवढंच सांगितलं की काकाचा हात लागला नाही तर त्या मांडवाखाली मी बसेन, पण हसणार नाही. बहिणीचं हे वाक्य हरेशच्या जिव्हारी लागलं. त्याने शब्द दिला की काहीतरी करतो. काय करणार, याची त्याला स्वतःला सुतराम कल्पना नव्हती.

तोवर त्याचा सर्व्हे सुरू होता. घरोघरी जाऊन तो प्रश्न विचारायचा. सकाळी किती वाजता उठता, चहा की कॉफी, मासळी कुठली जास्त आणता, रात्री भात की भाकरी, घरात लूम आहे का, गोदाम आहे का, टीव्हीवर काय बघता, घरात शेवटचा शब्द कोणाचा. मास्तरला हे कशाला हवंय ते कोणालाच कळलं नाही, पण चहा पाजून सगळ्यांनी उत्तरं दिली. नामाकाकाने काकीच्या तोंडून उत्तरं पाठवली. बाळारामांनी मुलाला ओट्यासमोर उभं करून साक्ष दिल्यासारखी दिली.

मग हरेशने ती सगळी माहिती कॉलेजच्या कॉम्प्युटरवर चढवली. कॉम्प्युटर काय करतो, तर प्रत्येक दोन घरांमधलं अंतर काढतो. हे अंतर रस्त्यावरचं नव्हे, उत्तरांमधलं. सगळी उत्तरं सारखी तर अंतर शून्य. जी दोन घरं सर्वांत जवळ, त्यांची आधी एक जोडी लावतो. मग त्या जोडीला जे घर जवळ, ते तिला चिकटवतो. असं चिकटवत चिकटवत शेवटी सगळा गाव एका खोडाला येऊन मिळतो. त्याचं जे चित्र निघतं त्याला झाडच म्हणतात. कॉलेजचा प्रिंटर जुना, जोडकागदाचा. त्याने करकर करत गावाचं झाड छापलं, ते धोतराएवढं लांब निघालं.

मुंबईच्या मार्गदर्शक सरांनी हरेशला बजावलं होतं की घरांना नुसते क्रमांक द्या, नावं घालू नका. पण क्रमांक पाहून कोणाचं घर ते आठवायचं कसं? हरेशने नावं घातली. एवढीच चूक, आणि पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून झाला.

झाडात सर्वांत आधी लागलेली, सर्वांत घट्ट जोडी कोणती होती? बाळाराम आणि नामा. दोघे पाचला उठतात. दोघांना चहा, तोही बशीतून. दोघांकडे बोंबील. दोघे बातम्या लावून झोपतात. हरेशला हसू आवरेना. तो कागद घेऊन घरी आला, ओट्यावर पसरला, आणि हेमालीला बोलवायला आत गेला. तेवढ्यात बाळाराम बाहेरून आले.

भिवंडीच्या आसपास ज्या वर्षांत शेताची गोदामं झाली, त्या वर्षांत माणसं शिकली असतील नसतील, वंशावळ मात्र वाचायला शिकली. गोदामवाल्याशी करार करायचा तर तलाठ्याकडे वंशावळ, कोर्टात जायचं तर वंशावळ. कोण कोणाच्या पोटी, कोणाची रेघ कुठे संपली, कोणाला किती हिस्सा, हे सगळं रेघांच्या झाडात असतं. लांब कागद, त्यावर ओळखीची नावं आणि नावं जोडणाऱ्या रेघा दिसल्या की शेलारच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. बाळारामांनी चष्मा लावला, आपलं नाव शोधलं, बोट रेघेवरून सरकवलं, आणि ते थेट नामावर जाऊन थांबलं. एका रेघेला दोन नावं, म्हणजे एका बापाचे दोन मुलगे.

पोटच्या पोराने नामाला आपला सख्खा भाऊ दाखवून हिश्शाला बसवलंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. हरेश बाहेर आला तर बाप कागदाच्या मध्यभागी बसलेला. ही जमिनीची वंशावळ नव्हे, मासळीची आणि चहाची आहे, हे त्याने नाना परीने सांगितलं. बाळारामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, चहावरून भाऊ ठरतो असा कुठला कायदा आला?

कागद ओट्यावर, ओटा रस्त्यावर. जाणारा-येणारा थांबू लागला. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव आपापली रेघ शोधून गेलं आणि उरलेल्या अर्ध्याला निरोप गेले. ठकुबाईने पाहिलं की तिचं नाव तिच्या सवतीच्या मुलाशेजारी आहे, आणि तिने हरेशच्या अंगणात बसून पदर डोळ्याला लावला. दामूच्या रेघेला कोणीच जोडीला नव्हतं, तो पार शेवटी एकटाच खोडाला चिकटला होता. त्याचं म्हणणं, मी काय दत्तक आलोय? चांगदेव मात्र खूश. त्याचं घर सरपंचाच्या घराला जोडून निघालं होतं. तो सरपंचाकडे जाऊन पायरीवर हक्काने बसला आणि उठायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी सरपंचाकडून हरेशला एक मोठं पापलेट आलं. सोबत निरोप, चांगदेवला दुसऱ्या फांदीवर हलवा.

हरेश पुरता गांजला. कॉलेजला जाताना लोक रिक्षात त्याला गाठायचे. त्याने पापलेट परत पाठवलं, आणि विनिता दोन दिवस बोलली नाही. सगळ्यांना तो एकच सांगायचा. झाड मी काढलेलं नाही, तुमच्या उत्तरांनी काढलंय. उत्तरं बदलली तरच झाड बदलेल.

शास्त्राच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होतं. गावाने मात्र त्यातला शेवटचा भाग तेवढा ऐकला. उत्तरं बदलली तर झाड बदलतं ना? मग बदलू. चार दिवसांत घरोघरी उत्तरं बदलली, आणि हरेशला पुन्हा घरोघर फिरावं लागलं. यावेळी काय काय ऐकायला मिळालं! ठकुबाई, जिने जन्मात टीव्ही लावला नव्हता, ती क्रिकेट बघते म्हणाली, कारण सवतीचा मुलगा बघत नाही. दामूने शेजाऱ्याला विचारून सगळी उत्तरं त्याच्यासारखीच दिली. निदान जोडी तरी मिळेल, अशी त्याची साधी इच्छा होती.

बाळाराम आता आठला उठत होते. चहा सोडून कॉफी घेत होते. घरात बोंबील येत नव्हते, फक्त पापलेट. बातम्या बंद, भजनं सुरू. हे सगळं त्यांनी हरेशच्या डोळ्यात बघून, पाचला उठून बशीतला चहा संपवल्यावर सांगितलं. नामापासून जितकं लांब जाता येईल तितकं ते गेले होते.

इकडे नामाही हाच विचार करत होता, आणि पळायला त्यालाही दुसरी दिशा सुचली नाही. दुसरं झाड छापून आलं तेव्हा काकाची उत्तरं हरेशने बापाच्या उत्तरांशेजारी धरली. आठला उठतो. कॉफी. पापलेट. भजनं. मागच्या वेळी दोघांत निदान एका उत्तराचा फरक होता. काका रात्री भाकरी खायचा, बाप भात. आता दोघांनीही चपाती सांगितली होती. अंतर शून्य. कॉम्प्युटरला त्या दोघांमध्ये रेघ काढायलासुद्धा जागा मिळाली नव्हती, दोन्ही नावं एकमेकांच्या डोक्यावर छापली गेली होती.

हरेश आणि हेमाली त्या कागदाकडे बघून इतके हसले की विनिता पोळ्या टाकून बाहेर आली. मग मात्र हरेशमधला मास्तर जागा झाला. दोन ओळी अक्षरशः सारख्या निघाल्या की शास्त्र सांगतं, एकीची नक्कल झाली असेल, तपासून बघा. त्याने सहज म्हणून बापाला विचारलं की काकाने तुमचं ऐकून तर उत्तरं दिली नाहीत ना. झालं. बाळारामांना हवंच होतं. नामा चोर आहे, माझी उत्तरं चोरतो, असं त्यांनी ओट्यावरून जाहीर केलं. तासाभरात उलटा निरोप आला की चोर कोण ते समोर बसून ठरवू.

ही संधी हेमालीने साधली. ती हरेशला म्हणाली, दादा, दोघांना आक्कांच्या ओट्यावर बसव. एकमेकांसमोर उत्तरं दिली की नक्कल कशी होईल? प्रश्न मी वाचते.

आक्का म्हणजे बाळारामांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी परतलेली, दोघांनाही लहानपणी तिने न्हाऊ-माखू घातलेलं. तिचं घर दोन्ही घरांच्या मध्ये. भांडण झालं त्या दिवशी तिने दोघांना सांगून टाकलं होतं की माझ्याकडे दोघांनी यायचं, आणि माझ्या ओट्यावर जो जे बोलेल त्याने ते पाळायचं. म्हणून दोघे यायचे, फक्त वेगवेगळ्या वेळी.

रविवारी सकाळी दोघे एकाच वेळी आले. बाळाराम ओट्याच्या या टोकाला, नामा त्या टोकाला, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला, मधे पानाचा डबा घेऊन आक्का. रस्त्यावर बघ्यांची दाटी. हरेश कागद-पेन घेऊन पायरीवर बसला. हेमालीने आधी नियम सांगितला की उत्तर थोरल्याने आधी द्यायचं, रीतीप्रमाणे. बाळारामांची मान ताठ झाली. नामा भिंतीकडे बघत म्हणाला, "देऊ दे. तो जा बोलेल त्याचे उलट माजा. सगला उलट. लिवून घे, मास्तर."

पहिला प्रश्न चहाचा. नामा उलटच बोलणार होता, त्यामुळे खरं बोलायला आता हरकत नव्हती, म्हणून बाळाराम चहा म्हणाले. नामाच्या हातात त्या क्षणी आक्काने दिलेली चहाची बशी होती. त्याने ती खाली ठेवली आणि चहाला मी शिवत नाही असं सांगितलं. बशीतून वाफ निघत होती आणि नामा तिच्याकडे बघत नव्हता. पुढचा मासळीचा. बाळाराम बोंबील म्हणाले. नामाला मासळीच आवडत नाही, असं निघालं. बघे हसू लागले. बाळारामांच्या लक्षात आलं की आपल्या हाती चांगलंच हत्यार लागलंय. ते रंगात आले. सकाळी कधी उठता या प्रश्नाला त्यांनी पहाटेच, देवाचं नाव घेत, असं सांगितलं. नामाला उशिरा आणि देवाचं नाव न घेता उठावं लागलं. घरात शेवटचा शब्द कोणाचा, यावर बाळाराम छातीवर हात ठेवून म्हणाले, माझा. नामाने तोंड उघडलं, मिटलं, आणि खालच्या आवाजात हेमालीला म्हणाला, तुझ्या काकीचा. यावर सगळा रस्ता खो-खो हसला, कारण गावाला ते आधीपासून ठाऊक होतं. बाळारामसुद्धा हसले. तोंड फिरवलेलंच ठेवून हसले, पण त्यांचे खांदे हलताना हरेशने पाहिले.

हरेश उत्तरं लिहीत होता आणि मनात खट्टू होत होता. असली उत्तरं कुठल्या अभ्यासात चालणार? नामाकाका दर प्रश्नाला बापापासून लांब लांब चालला होता. याच वेगाने गेला तर पुढच्या झाडात हे दोघे गावाच्या दोन टोकांना निघणार. बहिणीला दिलेल्या शब्दाचं काय, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागदावरचे प्रश्न संपले. तो उठायला लागला, तर हेमालीने हाताने त्याला खाली बसवलं. अजून एक आहे म्हणाली. तो कागदावर नव्हता.

"माज्या मांडवाच्या पयल्या मेढीला नामाकाका येनार का न्हाय?"

बघ्यांमधलं हसू थांबलं. बाळाराम एवढे रंगात होते की त्यांनी विचारही केला नाही. भांडणभर जे म्हणत आले तेच ठणकावून म्हणाले, "न्हाय येनार."

आता पाळी नामाची. सबंध सकाळ उलट बोलून त्याची जीभ त्या वाटेला लागली होती. तो लगेच म्हणाला, "येनार."

आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच मागाहून कळलं. हरेशला तेव्हा कुठे उमगलं की बहिणीने थोरल्याला आधी का बोलायला लावलं. बाळाराम पहिल्यांदाच वळून बसले. बोललेलं आता मागे घे, असं ते म्हणाले असते तर नामाने घेतलंही असतं. पण आधी नामाच वळला. भिंत सोडून त्याने पोरीकडे पाहिलं.

"उलट बोलाचा म्हनून न्हाय बोल्लू, पोरी. येनार हाय मी."

आक्काने डबा मिटला आणि सांगितलं की माझ्या ओट्यावर बोललं गेलंय. बाळाराम उठले, चपला घातल्या, चालू लागले. ते हो म्हणाले नाहीत. पण सगळ्यांना नाही म्हणायची सवय असलेला तो माणूस त्या दिवशी नाहीही म्हणाला नाही. हरेशने आपल्या पद्धतीने ते कुठल्या खणात टाकायचं याचा बराच वेळ विचार केला आणि शेवटी नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्याने निव्वळ खोडी म्हणून तिसरं झाड छापलं. ओट्यावरची उत्तरं घातली तर बाळाराम आणि नामा अख्ख्या गावात एकमेकांपासून सर्वांत लांब निघाले. दोघांची गाठ थेट खोडातच पडत होती. मार्गदर्शक सरांनी विचारलं की एकाच घराण्यातल्या दोन माणसांमध्ये आधी अंतर शून्य आणि मग एवढं, हा काय प्रकार? यंत्र बिघडलंय का? हरेश म्हणाला की यंत्र ठीक आहे, सर, माझ्या बहिणीचं लग्न आहे. त्याने प्रबंधात पहिली, खरी उत्तरं घातली. यावेळी क्रमांक देऊन.

मेढीच्या दिवशी सकाळी अंगणात खड्डा खणून तयार होता. भावकी जमली होती, बायका गाणी म्हणत होत्या. बाळाराम मेढ धरून उभे होते, एकटेच, आणि मुहूर्त टळत चालला तरी ती खड्ड्यात सोडत नव्हते. कोणी विचारलं तर म्हणायचे, खड्डा बरोबर झाला नाही. कोणीतरी दोनदा खड्डा नीट केला. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, म्हणजे फारच बघत नव्हते.

नामाची रिक्षा आली. धुतलेली, पुसलेली, हँडलला झेंडूची माळ. नामा इस्त्रीच्या शर्टात उतरला, चप्पल अंगणाबाहेर काढली आणि काही न बोलता मेढीला हात घातला. त्याच बुंध्यावर वर बाळारामांचे हात, खाली नामाचे. मेढ खड्ड्यात उतरली. माती लोटेपर्यंत दोघांना ती धरून उभं राहणं भाग होतं, आणि इतकी वर्षं न बोललेली दोन माणसं हातभर अंतरावरून एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होती.

"सरल धर," बाळाराम म्हणाले.

"सरलच हाय. तूच वाकडा उभा हास, दादा."

तुझ्या बाजूला कलली, नाही तुझ्या बाजूला कलली, यावरून त्या दोघांची जी जुंपली ती माती भरून झाली तरी थांबेना. बायकांनी गाणं मधेच सोडलं. हरेशला वाटलं की आता पुन्हा सगळं बिनसतंय, म्हणून तो ओळंबा आणायला धावला. परत आला तर दोघे मेढीशेजारीच उभे राहून तावातावाने भांडत होते आणि ओळंब्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. हेमाली दारात उभी होती, डोळे वाहत होते आणि ती मोठ्याने हसत होती. हरेशने ओळंबा लावून पाहिलं. मेढ चांगलीच कललेली होती. तो ती सरळ करायला वाकला, तशी हेमालीने धावत येऊन त्याचा हात धरला.

मेढ तशीच राहिली. अख्खं लग्न तिच्याखाली झालं.